वाटेत कोण सोबत होतं? घाईच्या दिवसांत सावकाश जगू पाहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी

लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊसला निघाले आहेत. अंतर साधारण ११ किलोमीटर, म्हणजे चांगली अडीच-तीन तासांची पायपीट. पुनरुत्थित येशू त्यांच्याबरोबर चालतो, त्यांचं दुःख ऐकून घेतो, शास्त्र उलगडून सांगतो. तरी त्यांना तो ओळखू येत नाही. संध्याकाळ होते, ते त्याला आग्रह करून घरात घेतात, जेवायला बसतात आणि तो भाकर मोडतो तेव्हा त्यांचे डोळे उघडतात. मग ते एकमेकांना म्हणतात, वाटेत तो बोलत होता तेव्हाच आपलं काळीज आतून पेटलं होतं की!

सावकाश जगण्याचा विषय निघाला की मला आधी हा उतारा आठवतो. प्रभू वाटेत सोबत असतो, पण ते कळण्यासाठी कुठेतरी थांबावं लागतं आणि चालून आलेल्या वाटेकडे एकदा वळून पाहावं लागतं. पुढे जे काही सांगितलं आहे ते त्या थांबण्यासाठी आणि वळून पाहण्यासाठी आहे. कामाचा उरक वाढवण्याच्या किंवा ताण घालवण्याच्या युक्त्या इथे सापडणार नाहीत.

आधी घाई नेमकी कुठे आहे ते पाहा

एक साधा कामाचा दिवस निवडा. खिशात किंवा ओट्यावर एक कागद ठेवा. जिथे जिथे जीव टांगणीला लागला, पाय लटपटले, कुणावर विनाकारण खेकसलो, तिथे एक ओळ लिहा. रात्री त्या ओळींचे दोन भाग करा. पहिल्या भागात आपल्या हातात नसलेली घाई: ठरलेली लोकल, शाळेची बस, कारखान्याची पाळी, आजारी माणसाची औषधांची वेळ. दुसऱ्या भागात आपणच ओढवून घेतलेली: जेवताना हातात मोबाइल, मुलाशी बोलता बोलता व्हॉट्सअ‍ॅप, शेवटचं गीत संपायच्या आत हातात आलेली स्कूटरची किल्ली.

पहिल्या भागाला हात लावू नका. विरारहून चर्चगेटला रोज जाणाऱ्याला कुणी ‘जरा निवांत राहा’ म्हणून सांगणं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ आहे. काम करायचं ते दुसऱ्या भागावर.

याच कागदावर आणखी एक गोष्ट दिसेल आणि ती मान्य करायला बळ लागतं. बरीचशी घाई मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, कामांची असते. संडे स्कूल, गायनवृंद, महिला मंडळ, तरुण संघ, सणाची वर्गणी. प्रभूच्या कामात प्रभूच मागे पडला असं होऊ शकतं. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्य सेवा करून परत आले आहेत, लोकांची ये-जा इतकी आहे की त्यांना जेवायलाही सवड नाही, आणि येशू त्यांना सांगतो, एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या. सेवेला वाहून घेतलेल्यांना प्रत्यक्ष प्रभूने दिलेली ही आज्ञा आहे. तुमच्याकडे मंडळीची तीन-चार कामं असतील तर एक कुणातरी तरुणाच्या हाती द्या. त्याला ते शिकायची संधी मिळेल आणि तुम्हाला श्वास.

रात्रीची उजळणी

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

हिचा उगम एका जखमी सैनिकाकडे जातो. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत इग्नेशियस लोयोला यांच्या पायावर तोफगोळा आदळला. महिनोन्‌महिने घरात पडून राहण्याची वेळ आली. त्यांना शूरवीरांच्या कथा वाचायच्या होत्या, पण घरात होतं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पराक्रमाची, दरबारी मानाची स्वप्नं पाहताना मजा यायची, पण मागाहून मन कोरडं पडायचं. ख्रिस्तामागे जाण्याचे विचार मनात घोळले की नंतरही आनंद टिकायचा. धावता माणूस हा फरक टिपू शकला नसता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने तो टिपला आणि पुढे त्यातून दिवसाकडे प्रार्थनेत वळून पाहण्याची रीत आकाराला आली. येशूसंघीय, म्हणजे इग्नेशियस यांनी स्थापलेल्या संघातले जेझुइट, आजही ती पाळतात. ती कॅथॉलिकांपुरती आहे असं समजू नका. पवित्र शास्त्र आणि प्रार्थना एवढंच तिचं भांडवल आहे.

दहा-पंधरा मिनिटं पुरतात. अंथरुणात पडून करू नका, झोप लागते. खुर्चीत बसा, किंवा भांडी आवरून झाल्यावर स्वयंपाकघरातच दिवा मंद करून बसा.

पहिल्यांदा आभार माना, पण नावानिशी. ‘आजच्या दिवसाबद्दल आभार’ एवढ्याने भागत नाही. बसमध्ये कुणी बसायला जागा दिली, दुपारी अचानक मावशीचा फोन आला, चहात आलं छान उतरलं होतं, ताप उतरल्यावर मुलाने स्वतःहून भात मागितला, असं सांगा. हे बारीकसारीक बोलताना सुरुवातीला संकोच वाटतो, आठवडाभरात तो जातो.

मग पवित्र आत्म्याकडे उजेड मागा. आपण आपला दिवस आपल्याच चष्म्यातून पाहतो. त्याच्या नजरेने तो दिसू दे, असं एक वाक्य पुरे.

त्यानंतर सकाळपासून एकेक तास डोळ्यांपुढून जाऊ द्या. उठलो, पाणी आलं होतं, डबा भरला, निघालो, ऑफिसात अमुक बोलणं झालं. या उजळणीत दोन प्रकारच्या जागांवर थांबायचं. जिथे मन मोकळं झालं, उबदार झालं ती एक. जिथे ते आक्रसलं, कडवट झालं ती दुसरी. समजा, दुपारी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बढती मिळाल्याचं कळलं आणि तुम्ही हसून अभिनंदन केलंत, पण आत काहीतरी टोचलं. तिथे थांबा आणि त्या टोचणीबद्दल प्रभूशी बोला. स्वतःला झोडपू नका, सफाईही देऊ नका.

मग क्षमा मागायची असेल तर मागा. शेवटी उद्यासाठी एकच गोष्ट ठरवा: त्या सहकाऱ्याबरोबर चहा घ्यायचा, किंवा आईला फोन करायचा. पाच गोष्टी ठरवल्या तर सकाळी एकही आठवत नाही.

या रीतीत लोक एका जागी हमखास अडतात. काही दिवसांत उजळणीची चुकांची वही होते आणि रोज रात्री स्वतःवर खटला चालतो. तसं झालं तर आठवडाभर फक्त पहिली पायरी करा, निव्वळ आभार. क्षमेची पायरी आभाराच्या मागून येते ती विचारपूर्वक. ज्याला आपल्यावर प्रेम आहे हे माहीत आहे, त्याला आपली चूक न घाबरता पाहता येते.

उजळणी झाल्यावर डायरीत एक ओळ लिहा. महिनाअखेरीस त्या ओळी सलग वाचा. एकाच माणसाचं नाव, एकच काम, एकच भीती वारंवार आलेली दिसेल. तुमच्या पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी बोलायला तो चांगला विषय आहे.

थोडं वाचा, पुन्हा वाचा

वर्षभरात पवित्र शास्त्र संपवण्याचे तक्ते चांगलेच आहेत. पण रोज तीन अध्याय उरकणाऱ्याला विचारा, काल काय वाचलं? बहुतेक वेळा सांगता येत नाही. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या कार्थुसियन या एकांतवासी पंथाच्या मठातले गीगो यांनी वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवासमोर असणं. आपल्या मातीतही याचं एक जुनं रूप आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात, सासष्टीतल्या राशोल इथे छापलं गेलं. हजारो मराठी ओव्यांचा तो ग्रंथ देवळांमधून, म्हणजे चर्चमधून, मोठ्याने वाचला जाई आणि लोक बसून ऐकत. ओवीला स्वतःची चाल असते, ती पळवता येत नाही.

मार्क १०:४६-५२ घेऊन बघा. फक्त सात वचनं, यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्या बार्तीमयाची हकिगत. पहिल्यांदा मोठ्याने वाचा, गोष्ट समजण्यापुरतं. दुसऱ्यांदा वाचताना कोणत्या शब्दांशी मन अडखळतं ते पाहा. लोक बार्तीमयाला ‘गप्प बस’ म्हणून दटावतात, तिथे कुणी अडखळेल. तो आपलं वस्त्र टाकून उठतो, तिथे दुसरं कुणी. मी दर वेळी एकोणपन्नासाव्या वचनापाशी अडखळते. तिथे येशू थांबतो. यरुशलेमला, वधस्तंभाकडे निघालेला येशू. जगाच्या इतिहासात इतक्या महत्त्वाच्या कामाला दुसरं कुणी निघालेलं नसेल, आणि तो रस्त्याकडेच्या एका भिकाऱ्याच्या हाकेला थांबतो. मार्कचं शुभवर्तमान चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, त्याची मांडणीही धावती. त्या धावपळीत हे थांबणं आणखी ठळक दिसतं.

तिसऱ्यांदा वाचल्यावर त्या एका जागेवरून प्रार्थना करा. येशू बार्तीमयाला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? तो प्रश्न स्वतःला विचारला गेला असं समजून उत्तर द्या. मग पुस्तक मिटून दोन मिनिटं काही न मागता, काही न बोलता बसा. मन भरकटेल. भाजी, हप्ता, परीक्षा आठवतील. आठवू द्या, आणि पुन्हा त्या शब्दांकडे या.

हाच उतारा आठवडाभर वाचायला हरकत नाही.

चालताना, लोकलमध्ये

आठवड्यातून एकदा तरी देवळात पायी जा. कानात काही घालू नका. यरुशलेमला सणासाठी चढून जाणाऱ्या यात्रेकरूंशी जोडलेली पंधरा आरोहणस्तोत्रं स्तोत्रसंहितेत आहेत, १२० ते १३४. लहान आहेत, चालता चालता पाठ होतात. १२१ पासून सुरुवात करा. डोंगरांकडे डोळे लावून ‘मला मदत कुठून येईल’ असं विचारणारं ते स्तोत्र आपल्याकडच्या कितीतरी आज्यांना तोंडपाठ असतं. आजीकडूनच शिका, म्हणजे तिच्यासोबत चालणंही होईल.

लोकलमध्ये उभं राहायलाही जागा नसेल तर ‘प्रभू येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर’ ही पूर्वेकडच्या मंडळ्यांची जुनी प्रार्थना श्वासाबरोबर मनात म्हणा. हात मोकळे नसले तरी ती म्हणता येते. वसईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांना दुपारी बाराची देवळाची घंटा ऐकू येत असेल. त्या घंटेला हातातलं काम मिनिटभर बाजूला ठेवण्याची रीत आपल्या वाडवडिलांनी पाळली. घंटा ऐकू येत नसेल तर फोनवर बाराचा गजर लावा.

रविवार

आता सगळ्यात अवघड भाग. शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा पवित्र शास्त्रात दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळं आहे. निर्गमच्या विसाव्या अध्यायात कारण आहे सृष्टीचं: देवाने सहा दिवस निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कारण आहे सुटकेचं: तुम्ही मिसर (इजिप्त) देशात दास होता हे विसरू नका. म्हणून तिथे दास, दासी, बैल, गाढव, गावातला परका, सगळ्यांना विसावा आहे. ज्याला सुट्टीच नसते तो गुलाम, आणि देवाने तुम्हाला गुलामीतून काढलं आहे.

आपल्या घरात हे कसं दिसतं? देवळातून आल्यावर पुरुष पंख्याखाली, मुलं मोबाइलवर, आणि घरातली बाई साडी बदलून थेट ओट्यापाशी. रविवार म्हणजे मटण, रविवार म्हणजे पाहुणे. आठवड्यातला तिचा सर्वांत जड दिवस हाच. घरातल्या एकीच्या पाठीवर बाकीच्यांचा विसावा उभा असेल तर अनुवादातल्या आज्ञेप्रमाणे तो शब्बाथ नव्हे. हे मी जरा जोरात सांगते आहे, कारण मंडळीत हे फारसं कुणी बोलत नाही.

उपाय शनिवारी आहे. येशूच्या काळी यहुदी लोक शब्बाथाच्या आदल्या दिवसाला तयारीचा दिवस म्हणत. त्याहीआधी, रानात मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेलं अन्न, मिळत असे तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा आणि सातव्या दिवशी बाहेर पडायचं नाही असा नेम होता. तसंच करा. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तासभर काम करायचं: कांदा चिरणं, वाटण वाटणं, मटण मसाला लावून फ्रीजमध्ये ठेवणं, सोमवारचे गणवेश इस्त्री करणं, बिलं भरणं. रविवारी एकाच भांड्यात होणारा पदार्थ करायचा, आणि भांडी घासायला पुरुष आणि मोठी मुलं. पाहुणे येणार असतील तर मोकळेपणी सांगा, येताना भाकरी घेऊन या. आपली माणसं वाईट मानत नाहीत.

घरकामाला येणाऱ्या ताईंनाही त्या दिवशी सुट्टी द्या, पगार न कापता. आज्ञेत दासीचाही विसावा आहे तो इथे लागू होतो.

उपासनेनंतर दुपारी काय करायचं याची यादी करू नका. झोप आली तर झोपा. संध्याकाळी एखाद्या आजारी किंवा एकट्या माणसाकडे जा, तेही घड्याळ न पाहता. खरेदी, ऑफिसची मेल, मुलांची शिकवणी त्या दिवशी बंद.

ज्यांना रविवारी काम असतं त्यांचं काय? परिचारिका, पोलीस, रखवालदार, हॉटेलात राबणारे, घरोघरी पार्सल पोचवणारे. मनुष्य शब्बाथासाठी नाही, शब्बाथ मनुष्यासाठी झाला, असं येशूने स्वतः सांगितलं आहे. तुमची सुट्टी मंगळवारी असेल तर मंगळवार पाळा. पूर्ण दिवस मिळत नसेल तर सकाळ पाळा. मंडळीतल्या बाकीच्यांनीही अशा माणसांना ‘उपासनेला दिसला नाहीत’ म्हणून टोचू नये. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी जावं, एक स्तोत्र वाचावं, चहा घ्यावा.

जेवणाचं टेबल

इथे थोडक्यात. दिवसातून एक जेवण सगळ्यांनी एकत्र, टीव्ही आणि फोन बंद करून. जेवणाआधीची प्रार्थना पाठ केलेली असेल तर तीच म्हणा, फक्त तिच्यात रोज एक नाव घाला: भाजी पिकवणाऱ्याचं, दळण दळून देणाऱ्याचं, आज आठवण झालेल्या माणसाचं. मुलांना नाव सुचवू द्या. त्यांना विचारायचं असेल तर ‘शाळेत काय झालं’ असं विचारू नका, त्याला ‘काही नाही’ हे उत्तर ठरलेलं आहे. ‘आज तुला कुणी मदत केली?’ असं विचारा.

वर्षातून एकदा, पूर्ण वाटेकडे

दिवसाकडे वळून पाहण्याची सवय झाली की आयुष्याकडे वळून पाहता येतं. आपल्या मंडळ्यांत ३१ डिसेंबरच्या रात्री उपासना असते. त्याआधीच्या आठवड्यात एक दुपार काढा. मोठा कागद घ्या, आडवी रेघ ओढा, जन्मापासून आजपर्यंतची. तीवर गावं, शाळा, नोकऱ्या, लग्न, जन्म, मृत्यू मांडा. मग प्रत्येक वळणावर लिहा, तिथे सोबत कोण होतं. फी भरणारा काका, रात्री दवाखान्यात बसलेली शेजारीण, नोकरी गेली तेव्हा न विचारता तांदूळ आणून देणारं मंडळीतलं कुटुंब. शमुवेलाने मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये धोंडा उभा केला, ‘येथवर परमेश्वराने आपल्याला साहाय्य केलं’ म्हणून त्याला एबन-एजर नाव दिलं. तुमच्या रेघेवर असे धोंडे कुठे उभे राहतात ते पाहायचं.

काही वळणं रिकामी राहतील. तिथे जबरदस्तीने काही लिहू नका. ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य दुसऱ्याच्या दुःखावर चिकटवण्याइतकं सोपं आणि स्वतःच्या दुःखावर पेलायला फार जड आहे. जागा मोकळी सोडा, पुढच्या वर्षी पुन्हा पाहा.

बदलाला वेळ लागतो हेही या रेघेवर दिसतं. कवी नारायण वामन टिळकांना नव्या कराराची प्रत मिळाली ती राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात, एका अनोळखी प्रवाशाकडून. त्यांचा बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला १९०० मध्ये. मधली पाच वर्षं ताटातुटीची, रागाची, सोवळ्या-ओवळ्याची आणि हळूहळू मन उकलण्याची होती, हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणी लिहिलं आहे. त्या पाच वर्षांत कुणी त्यांना घाई केली असती तर मराठी ख्रिस्ती समाजाला ज्या लक्ष्मीबाई मिळाल्या त्या मिळाल्या असत्या असं मला वाटत नाही. घरातल्या ज्या तरुणाचा विश्वास सध्या डळमळतो आहे, जो देवळात यायचं टाळतो आहे, त्याच्याकडे पाहताना ही पाच वर्षं ध्यानात असू द्या.

थांबल्यावर दुखू लागलं तर

हे होतं. धावपळीत दबून राहिलेलं दुःख माणूस बसला की वर येतं. गेलेल्या माणसाची आठवण, जुना अपमान, पोटातली भीती. राजे पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा जीव घेऊन पळाला आहे, रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो आहे. देव त्याला आधी उपदेश करत नाही. त्याला झोपू देतो. दूत उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खाऊन पुन्हा झोपतो. पुन्हा जेवण. होरेब डोंगरावरचा देवाचा तो मंद, शांत स्वर त्याच्याही नंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर येतो. तेव्हा फार थकला असाल तर आधी झोप आणि जेवण. उदासी आठवडे उलटले तरी हटत नसेल, जगावंसं वाटत नसेल तर डॉक्टरांकडे जा आणि घरातल्या कुणाला तरी आजच सांगा. तो विश्वासातला कमीपणा नाही.

सुरुवात कशी करायची

पहिले दोन आठवडे फक्त रात्रीची उजळणी. तिसऱ्या आठवड्यापासून जेवणाच्या टेबलावरचं नाव. महिना संपताना एक शनिवार-रविवार वर सांगितल्याप्रमाणे पाळून बघा, आणि सोमवारी घरातल्या सगळ्यांना, विशेषतः घरातल्या बाईला, विचारा, कसं वाटलं? तिचं उत्तर ‘मला काही विसावा मिळाला नाही’ असं असेल तर पुढच्या शनिवारच्या कामांची वाटणी बदला. सावकाश वाचन आणि पायी चालणं यांची भर नंतर, जमेल तशी. एखाद्या आठवड्यात सगळंच सुटलं, घरात लग्न निघालं किंवा परीक्षा आल्या, तर मागची थकबाकी भरून काढत बसू नका. त्या रात्री खुर्चीत बसा आणि आभारापासून सुरुवात करा.